शेवटचं लिहिलेलं चालतं

चाचांना काट्यावरून उठवल्याची बातमी कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांनी मला फोनवर दिली ती एखादा नटबोल्ट बदलल्यासारखी.

"तुमच्या कंप्युटरला काय झालं न्हाय, म्याडम. माणूस तेवढा बदललाय. नव्या क्लार्कला येऊन शिकवून जावा."

मी राजारामपुरीतल्या माझ्या दहा बाय बाराच्या दुकानात कुणाचा तरी प्रिंटर उघडून बसले होते. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच धरून विचारलं, "का बदलला?"

"काटा मारतोय म्हणं."

काटा मारणं म्हणजे काय, हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला समजवावं लागत नाही. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: शेतकऱ्याचा ऊस कारखान्यात आला की भरलेली गाडी मोठ्या वजनकाट्यावर उभी राहते, आणि तिथं वजन मुद्दाम कमी दाखवलं तर त्याला काटा मारणं म्हणतात. आमच्याकडं माणसाला दारुडा म्हणा, भांडखोर म्हणा, तो हसून सोडून देईल. काटामाऱ्या म्हटलं की त्याचं गावात उठणं-बसणं संपलं. आणि हे कुणाला म्हणत होते? चाचांना! मी प्रिंटरवाल्याला उद्या या म्हणून सांगितलं आणि शटर ओढलं.

चाचा म्हणजे त्या काट्याचे क्लार्क. कारखान्याशेजारच्या गावातलं तीन पिढ्या राहिलेलं मुसलमान घर, वय पन्नाशीच्या पुढं, बुटकी मूर्ती, खिशाला दोन पेनं. वीस-बावीस हंगाम ते त्याच खिडकीत बसत होते. त्यांच्याहून मोठी माणसंही त्यांना चाचाच म्हणायची. कारखाना कुठला ते मी सांगणार नाही. जिल्ह्यात कारखान्यांना तोटा नाही.

माझा आणि त्या काट्याचा संबंध लिनक्समुळे, म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणाऱ्या एका फुकट प्रणालीमुळे आला, आणि लिनक्सचा नि माझा संबंध एका मासिकामुळे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मासिकाबरोबर लिनक्सची एक सीडी फुकट आली होती. आमची वस्ती बौद्ध कुटुंबांची, वडील सरकारी कचेरीत टायपिस्ट. कर्ज न काढता जुळवलेला एक जुना संगणक घरात होता आणि तो मी हट्टानं मागून घेतलेला होता. सीडी घातली, आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धो धो पळायला लागल्या. आई स्वयंपाकघरातून धावत आली, "बिघडला का गं?" मी म्हटलं, "आई, हा बोलतोय!" खरंच तसं वाटलं मला. आतापर्यंतचा संगणक एक चित्र दाखवून गप्प बसायचा. हा उठताना काय सापडलं, काय नाही सापडलं, सगळं घडाघडा सांगत होता. त्या ओळी पाहून मी त्या दिवशी जेवले नाही. इतका आनंद मला पुढं लग्नातसुद्धा झाला नाही, आणि हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे.

त्या बोलणाऱ्याचं नाव कर्नल. संगणक सुरू झाला की सगळ्यात आधी हा गाभा जागा होतो आणि बाकीच्यांना कामाला लावतो. त्याला उठवतानाच कानात काही सूचना सांगता येतात. अमुक डिस्कवरून ऊठ, तमुक गोष्टीच्या वाटेला जाऊ नकोस, बोलायचं ते अमक्या ठिकाणी बोल. या सगळ्या सूचना एका फाइलीत, एका ओळीत, एकापुढं एक लिहायच्या असतात. मला या ओळीचं वेड लागलं होतं. दोन शब्द बदलले की अख्खा संगणक वेगळा वागतो, याच्याइतकी मजेची गोष्ट मला दुसरी माहीत नव्हती.

दोन हजार साल उलटल्यावर त्या कारखान्याच्या काट्यासाठी मी लिनक्सवर वजनाचा प्रोग्रॅम बसवून दिला. काट्याच्या खोलीत भिंतीवर एक पेटी होती, तिच्यावर लाल आकड्यांत वजन दिसायचं. पेटीतून एक वायर संगणकाच्या मागच्या दोन सिरीयल पोर्टांपैकी, म्हणजे वायर खोचायच्या खाचांपैकी, एकीत जायची, तिच्यातून वजन आत यायचं आणि पावती छापून बाहेर पडायची. मी चाचांना संगणक शिकवला आणि त्यांनी मला काटा शिकवला.

त्यांनी शिकवलेली पहिली गोष्ट त्यांच्या वहीची. काट्याच्या वहीत खाडाखोड चालत नाही. आकडा चुकला तरी तो पुसायचा नाही, खोडायचाही नाही. खाली नवीन ओळीत बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, वेळ टाकायची. वर काहीही असो, शेवटी लिहिलेलं खरं. "पुसलं म्हंजे मनात पाप हाय असं समजत्यात, ताई," ते म्हणायचे. त्यांच्या वीस-बावीस हंगामांच्या वह्या कपाटात रचलेल्या होत्या आणि त्यांत एकाही ठिकाणी रबर फिरलेलं नव्हतं.

पहिल्याच हंगामात संगणकाची डिस्क खडखडायला लागली. मी शेजारी दुसरी डिस्क बसवून सगळं तिच्यावर उतरवलं आणि निघाले, पण उठवायच्या ओळीत नव्या डिस्कचं नाव घालायला विसरले. चाचांचा फोन आला. मी इथून सांगत गेले, ते तिथं एक एक अक्षर टाइप करत गेले.

"जुन्या डिस्कचं नाव पुसू का?"

मला घाई होती. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. "राहू दे, चाचा. त्याच ओळीत शेवटी नवीन लिहा. दोन असतील तर शेवटचं लिहिलेलं चालतं."

फोनवर त्यांचा खूश झालेला आवाज, "म्हंजे आमच्या वहीसारखंच की!"

मीही खूश झाले. लिनक्स आणि काट्याची वही यांचा नियम एकच निघाला म्हणून मी तो किस्सा पुढं चार ठिकाणी सांगितला. आणि डिस्कच्या बाबतीत तो नियम खराही आहे.

दुसऱ्या हंगामाच्या तोंडावर काट्यावरचा मॉनिटर गेला. मी माझा जुना, विटेएवढा जड लॅपटॉप घेऊन गेले, पडद्याऐवजी संगणकाच्या पहिल्या सिरीयल पोर्टला जोडला आणि कर्नलला सांगितलं, बोलायचं ते या पोर्टवर बोल. तेव्हा वजनाची पेटी दुसऱ्या पोर्टवर होती, त्यामुळं कुणाच्या पायात कुणी आलं नाही. नवा मॉनिटर आल्यावर चाचांचा फोन, "पडद्यावर ती पळणारी अक्षरं दिसत न्हाईत, ताई. उठतोय का मेलाय कळंना." मी म्हटलं, शेवटी जोडा, बोलायचं ते पडद्यावर बोल. त्यांनी जोडलं. अक्षरं पळाली. "शेवटचं लिहिलेलं चालतं," ते फोनवर मलाच म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात वळवाच्या पावसात वीज पडली आणि दुसरा पोर्ट जळाला. कारखान्याच्या वायरमननं पेटीची वायर पहिल्या पोर्टला लावली, मी फोनवरून प्रोग्रॅममध्ये तेवढा बदल करून घेतला, आणि मी ते विसरून गेले.

मग तो हंगाम आला. ती भारनियमनाची वर्षं होती. दिवसातून किती वेळा लाईट जायची याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं, फक्त चाचा ठेवत होते.

शटर ओढलं त्या दिवशी मी स्कूटर थेट चाचांच्या दारात नेली. ते अंगणात खुर्चीवर बसले होते. कामाच्या वेळेला त्यांना घरात बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चहा आला. ते आरोपाबद्दल एक शब्द बोलेनात. मीच तडकले, "अहो, काहीतरी सांगा की!"

"मी काय सांगू? माझ्या सांगण्यावर आता कोण इसवास ठेवतंय?" ते म्हणाले. "वही वाचा, ताई. वहीत सगळं हाय."

मी कारखान्यावर गेले. शेती अधिकाऱ्यांनी तक्रारींची यादी काढून दिली. सात गाड्या. सातही शेतकऱ्यांनी गावाकडच्या खाजगी काट्यावर आधी वजन करून ऊस आणला होता आणि इथं प्रत्येकाचा जवळजवळ टनभर कमी भरला होता. त्यातला गडहिंग्लजकडचा एक शेतकरी सगळ्यांचा पुढारी झाला होता. "सात जण खोटं बोलत्यात व्हय?" अधिकारी म्हणाले. मला त्यांचा राग आला, पण प्रश्न बिनतोड होता.

मी काट्याच्या खोलीत बसले आणि वही उघडली. चाचा सगळंच लिहायचे. गाडी, वजन, वेळ, आणि मध्येच "लाईट गेली", "जनरेटर चालू, लाईट आली". मी पहिली तक्रारीची गाडी शोधली. तिच्या वरची ओळ: लाईट आली. दुसरी गाडी शोधली. वरची ओळ: लाईट आली. तिसरी शोधली. लाईट आली! चौथी, पाचवी, सहावी, सातवी, सगळ्यांच्या डोक्यावर तीच ओळ. लाईट आल्यावर काट्यावर चढलेली पहिली गाडी, आणि फक्त तीच! मी वही हातात घेऊन उभीच राहिले. माणसाला वजन मारायचं असेल तर तो लाईटची वाट कशाला बघेल?

लाईट आली की काय होतं? पेटीला स्वतःची बॅटरी होती, ती चालूच राहायची. संगणकाच्या यूपीएसची बॅटरी मात्र कधीच मेलेली, मंजुरीच्या कागदात अडकलेली. म्हणजे दर वेळी लाईट आल्यावर एकच गोष्ट नव्यानं घडत होती: संगणक उठत होता.

मी बाहेर धावले. रांगेत पहिला ट्रॅक्टर उभा होता, त्याची पुढची चाकं काट्यावर चढलेली. लाईट गेली की सगळे असेच पुढं दामटतात, कारण आल्याबरोबर पहिला नंबर लागावा. चाचा ओरडायचे, कुणी ऐकायचं नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, "आहे तिथंच थांबा, हलू नका." आत आले, संगणक बंद केला, परत चालू केला आणि पडद्याकडं पाठ करून पेटीकडं बघत उभी राहिले. पेटीवर पुढच्या चाकांचं वजन दिसत होतं, नऊशे ऐंशी किलो. पाठीमागं अक्षरं पळायला लागली असणार. आणि लाल आकडा लुकलुकला, आणि शून्य झाला! चाकं काट्यावर, आणि काट्यावर शून्य!

"झालं! झालं! बघा!" मी खिडकीतून ओरडले. ड्रायव्हर घाबरून खाली उतरला. "काय झालं हो बाई? चाकाखाली कोण आलं व्हय?"

मी त्याला पूर्ण गाडी वर घ्यायला लावली. वजन आलं. गाडी उतरल्यावर रिकाम्या काट्यावर उणे नऊशे ऐंशी दिसलं, म्हणजे गाडीचं वजन बरोबर तेवढंच कमी आलं होतं. चिखल, पाचट पडून रिकाम्या काट्यावर आकडा इकडंतिकडं होणं रोजचंच, त्यामुळं त्या खिडकीत बसणारा कुणीही जे करेल तेच चाचा करत आले असणार: आकडा किती ते न बघता बटण दाबून शून्य. पुढची गाडी एकदम बरोबर. म्हणून पकडलं जात नव्हतं. संगणक उठवताना त्यांची पाठ पेटीकडं असायची, म्हणून त्यांना ते शून्य कधी दिसलंच नाही.

आता का होतंय ते हवं होतं. कपाटातून पेटीची पुस्तिका काढली. त्यात लिहिलं होतं की वायरीतून टी हे इंग्रजी अक्षर आलं तर पेटी टेअर करेल. टेअर म्हणजे आत्ता जे वर ठेवलंय ते शून्य धरायचं. दुकानदार तेलाचा रिकामा डबा तराजूवर ठेवून आधी शून्य करतो, तेच. पण पेटीला टी पाठवतंय कोण? माझा प्रोग्रॅम तर वजन फक्त वाचत होता, लिहीत नव्हता.

मी उठवायच्या ओळीची फाइल उघडली. जुनी डिस्क, नवी डिस्क. बोलायचं ते पहिल्या पोर्टवर, बोलायचं ते पडद्यावर. दोन जोड्या शेजारी शेजारी, अगदी नीट, चाचांच्या वहीसारख्या. आणि मला ते दिसलं. मी तिथंच खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली! डिस्कच्या सूचना दोन असल्या तर कर्नल शेवटची धरतो, कारण उठायचं एकाच डिस्कवरून असतं. बोलायच्या जागेचं तसं नाही. तिथं दोन जागा सांगितल्या तर तो भांडण मिटवत बसत नाही, दोन्हीकडं बोलतो. पडद्यावर बोलत होता आणि पहिल्या पोर्टवरही बोलत होता. आणि पहिल्या पोर्टवर आता पेटी होती. कर्नलच्या घडाघडा बोलण्यात टी काय कमी असतात? पहिला टी गेला की पेटी शून्य. ज्या बडबडीवर मी इतकी भाळले होते तीच शेतकऱ्याचा ऊस खात होती!

आनंद माझ्या मनात मावेना. चाचा सुटले! मी उठून पाणी प्यायले, परत बसले, परत ती ओळ वाचली. आणि मग हळूहळू लक्षात आलं की ही ओळ वाचताना मला दुसरंही काहीतरी वाचायला हवं होतं. पहिल्या पोर्टवर बोल, हे मी लिहिलेलं. ते काढायचं राहिलं, ते माझं. पुसू नका, शेवटचं चालतं, हा नियम माझा. त्या माणसानं रबर न वापरण्याची आयुष्यभराची सवय माझ्या शब्दावर विसंबून संगणकात आणली होती, आणि मी चार ठिकाणी त्याचा किस्सा सांगत फिरले होते.

त्या संध्याकाळी मी अधिकाऱ्यांना एवढंच सांगितलं की तांत्रिक बिघाड आहे, उद्या सगळ्यांसमोर दाखवते. तांत्रिक बिघाड हा शब्द फार सोयीचा. त्याला धनी नसतो. कारखान्यात दुसरा काटा बसणार होता आणि त्याचं काम मला मिळायचं होतं, तेही माझ्या डोक्यात होतं. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला काट्याभोवती जत्रा भरल्यासारखी गर्दी. गडहिंग्लजकडचा तो शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन आला होता. धिप्पाड, आवाज असा की पार ऊस टाकायच्या गव्हाणीपर्यंत जावा. "म्याडम, कंप्युटरचा खेळ दावून आमाला यडं करू नगा," त्यानं मला आधीच बजावलं. चाचांना बोलावून घेतलं होतं. ते खोलीच्या कोपऱ्यात, स्वतःच्या खुर्चीपासून लांब उभे होते.

मी म्हटलं, खेळ तुम्हीच करा. त्यांच्याच ट्रॅक्टरची पुढची चाकं काट्यावर घेतली. प्लग अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हातानं काढला आणि स्वतःच्या हातानं लावला. मी कशाला हात लावला नाही. खिडकीत डोक्यावर डोकी. अक्षरं पळाली, पेटीवरचा आकडा लुकलुकला आणि शून्यावर येऊन बसला.

असा गलका उठला! "गेला, गेला, आकडा गेला!" मागच्यांना दिसेना म्हणून ते पुढच्यांच्या खांद्यावर चढले. तो शेतकरी उडी मारून खाली उतरला, चाकं खरंच काट्यावर आहेत का ते वाकून हातानं चाचपून आला. "परत करा," म्हणाला. ट्रॅक्टर मागं घेऊन, आकडा शून्यावर आणून परत केलं. परत शून्य. तिसऱ्यांदा करायला लावलं. मला भलतीच मजा येत होती.

मग मी चाचांना खुर्चीवर बसवलं आणि ओळ उघडून दिली. "हे पहिल्या पोर्टचं पुसा."

ते माझ्याकडं बघायला लागले. "पुसू? एवढ्या लोकांसमोर?"

"पुसा."

त्यांनी एक बोट पुढं केलं आणि एक एक अक्षर मागं घेत गेले. ट्रॅक्टर मागं घेऊन, आकडा शून्यावर आणून चाकं परत वर घेतली. प्लग काढला, लावला. अक्षरं पडद्यावर पळाली. पेटीवर एक हजार वीस. पडद्यावर सगळं थांबलं, प्रोग्रॅम उघडला, आणि पेटीवर एक हजार वीसच! हललाच नाही! मी जिंकल्यासारखी दोन्ही हात वर केले. चाचांसाठी कुणीतरी शिट्टी मारली. ट्रॅक्टर पूर्ण वर आला आणि गावाकडच्या काट्याच्या पावतीशी दहा-वीस किलोच्या फरकानं वजन जुळलं.

शेतकऱ्यानं दोन्ही पावत्या उन्हात धरून बघितल्या. मग तो खिडकीत आला. आवाज खाली आला होता, पण मऊ झाला नव्हता.

"बिघाड बिघाड म्हणताय, त्ये कळलं. पण ती वळ आपोआप उगवली न्हाय. लिवली कुणी?"

मी तोंड उघडण्याआधी चाचा म्हणाले, "माझ्या हातची हाय."

ते अगदी खोटं नव्हतं. ओळीतली निम्मी अक्षरं त्यांनी टाइप केलेली होती. अधिकाऱ्यांनी सुस्कारा सोडला, बरं झालं, मिटलं, असा. गर्दी चाचांकडं बघत होती आणि माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. मी गप्प राहिले. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण गप्प राहिले हे नक्की. दुसऱ्या काट्याचं काम मिळणार, दुकान मोठं होणार, हे सगळं मी तेवढ्यात बघून घेतलं. मला माझी अशी शिसारी आली की मी टेबलावर हात आपटला.

"त्यांची नाही. माझी आहे," मी म्हणाले. "पहिल्या पोर्टचं मी लिहिलं, काढायचं मी विसरले. दुसरं लिहायला त्यांना मी सांगितलं. पुसू का म्हणून ते विचारत होते, तर मी नको म्हटलं. शेवटचं चालतं म्हणून मीच शिकवलं, आणि ते सगळीकडं लागू नाही हे मला त्या वेळी सांगायचं सुचलं नाही."

शेतकरी माझ्याकडं वळला. "म्हंजे चूक तुमची, आन् चोर ह्यो ठरला?"

"हो."

मग त्यानं मला जे झापलं ते मी इथं लिहीत नाही. ते सगळं माझ्या वाट्याचंच होतं, एक शब्द जास्तीचा नव्हता. झापून झाल्यावर तो चाचांकडं वळला, खिडकीच्या चौकटीवर एक थाप मारली आणि ट्रॅक्टरकडं निघून गेला. सातही गाड्यांची वजनं दुरुस्त झाली. दुसऱ्या काट्याचं काम मला मिळालं नाही, ते योग्यच झालं.

अधिकारी म्हणाले, "चाचा, उद्यापासून या मग." चाचा म्हणाले, "उद्या कशाला? लाईन लागलीय की," आणि बसले ते उठलेच नाहीत. गर्दी पांगल्यावर चहा आला. मी त्यांच्यावर चिडले होते. "तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? तुम्हाला माहीत होतं ते मी लिहिलंय."

"म्हाईत हुतं की." त्यांनी बशीत चहा ओतला. "तुमी बोलला नसता तरी मी काय बोलणार न्हवतो, ताई. चुकला म्हणाले असते मला. चोर तर कुणी म्हणत न्हवतं आता. तेवढ्यावर मी घरी जाणार हुतो."

"घरी जाऊन काय सांगणार होता?"

"त्येच. चूक झाली म्हणून." ते बशीकडं बघत बोलत होते. "आठ दिस झाले, धाकट्या लेकीनं जेवताना माझ्यासमोर मान वर केलेली न्हाय. चोर बापाकडं न्हाय, पर चुकलेल्या बापाकडं बघतीया हो पोरगी."

मला रडू आलं, आणि ते लपवायला मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर पुढचा ट्रॅक्टरवाला हॉर्न मारत होता. चाचांनी बशी खाली ठेवली, पेटीवर शून्य आहे का ते बघितलं आणि डोकं बाहेर काढून ओरडले, "घे फुडं!"